चाळीस पानांचा अर्धा तास

बॉयलर आगीने फुटत नाही, विसरण्याने फुटतो, असं उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उस्ताद कधीच गेला, वाक्य तेवढं मागे राहिलं. एकतीस वर्षं रोज सकाळी साडेसातला बॉयलरच्या खोलीचं लोखंडी दार ढकलताना ते त्याच्या कानात एकदा तरी वाजायचंच.

लाँड्री मोठी होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे ट्रक भरून यायचे. एका टोकाला धुणं, मध्ये वाळवणं आणि शेवटच्या हॉलमध्ये इस्त्रीचे रोलर. रोलर तापायचे वाफेवर आणि वाफ यायची बॉयलरमधून. हॉल आणि बॉयलरची खोली यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती, नऊ इंचांची. भिंतीच्या अलीकडे तो एकटा आणि पलीकडे नऊ बायका. भिंतीला चिकटून असलेल्या रोलरवर त्याची स्वतःची लेक कामाला होती. घरात ती दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही भिंत नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे काही घडलं ते या नऊ इंचांच्या आधाराने घडलं.

लाँड्रीत त्याला सगळे जागल्या म्हणायचे. बॉयलरवाल्याचा खरा वैरी आग नव्हे, झोप. खोली उबदार, बर्नर एका सुरात घोंघावतोय, आणि काम काय, तर बघत बसायचं. अशा खोलीत भलेभले मान टाकतात. याने एकतीस वर्षांत एकदाही डोळा मिटला नव्हता आणि त्याची त्याला चांगलीच घमेंड होती. त्याचं औषध म्हणजे पुस्तक. रिकामं डोकं पेंगतं, गोष्टीत अडकलेलं डोकं जागं राहतं, असं तो म्हणायचा. सुरुवातीला सुपरवायझरने कुरकुर करून पाहिली. पण आधीचा बॉयलरवाला पुस्तक न वाचताच घोरायचा, हे त्यालाही आठवत होतं. मग त्याने नाद सोडला.

आता वाचणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही, हे काही मी सांगायला नको. आणि बॉयलरला तर दर अर्ध्या तासाने उठून बघावं लागतं. त्याच्या पोटाला एक उभी काच असते, त्या काचेत आतलं पाणी किती आहे ते दिसतं. ते बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ उष्णतेने दोनदा बंद पडलं, तिसऱ्यांदा कुणी लावलंच नाही. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा तापून एकदा त्याला चांगला चटका बसला होता, तेव्हापासून तो ते घालत नसे. फोन लॉकरमध्ये ठेवायचा, असा कारखान्याचा नियम. मग त्याने स्वतःच घड्याळ काढलं. तो सावकाश वाचायचा, शब्दन् शब्द चावून. एका पानाला तीन मिनिटं. दहा पानं म्हणजे अर्धा तास. दहा पानं झाली की बोट घालून पुस्तक मिटायचं, उठायचं, काच बघायची. सुपरवायझरने एकदा गंमत म्हणून वेळ लावून बघितली, तर अठ्ठावीस मिनिटं भरली. तेव्हापासून त्याच्या पानांवर सगळ्यांचाच विश्वास बसला.

मग दोन गोष्टी एका वर्षात झाल्या. कोपऱ्यावरचं वाचनालय बंद पडलं, आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पुस्तकच मिळेना आणि मिळालं तर दिसेना. दुपारी तो खुर्चीत बसून बर्नरचा आवाज ऐकायचा आणि जांभया गिळायचा. ते लेकीने बघितलं आणि एक दिवस एक चपटं, करडं काहीतरी आणून त्याच्या हातात ठेवलं.

"हे काय? पाटी?"

"ई-रीडर आहे, बाबा. यात लायब्ररीचं अ‍ॅप आहे. हवं ते पुस्तक मागवायचं, वाचून झालं की परत जातं."

"कुठे जातं?"

"जिथून आलं तिथे."

"आणि पुस्तकाला चार्जिंग करायचं? उद्या चपलेलाही करावं लागेल."

पण आठ दिवसांत बाप त्या पाटीला असा चिकटला, की जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. मुख्य म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं. त्याने ते इतकं मोठं केलं की पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी मावायच्या. हॉलमधल्या पोरी चिडवायच्या, की काकांची पाटी रस्त्यापलीकडून आम्हीपण वाचतो. त्याला चालत होतं. त्याला पुन्हा गोष्टी मिळाल्या होत्या.

फक्त घड्याळ बदलावं लागलं. कागदाचं एक पान म्हणजे पाटीची चार पानं झाली. म्हणजे अर्ध्या तासाला चाळीस. आता चाळीस ध्यानात राहत नाहीत. आणि पाटीवर पानांची जाडी बोटाला लागत नाही, वाचून किती झालं ते हाताला कळत नाही. तेव्हा त्याने नटबोल्टांच्या डब्यातून चार नट काढले आणि टेबलाच्या डाव्या कडेला मांडले. दहा पानं झाली की एक नट उजवीकडे. चारही उजवीकडे गेले की उठायचं. लेकीला या युक्तीचं भारी कौतुक. "माझे बाबा चाळीस पानांवर घड्याळ लावतात," असं तिने हॉलमध्ये सगळ्या बायकांना सांगून टाकलं होतं. घरी जेवतानाही तिला कधीकधी ते आठवायचं आणि ती आपली हसत बसायची.

असं दीड वर्ष सुरळीत गेलं. त्या चार नटांनी एकदाही दगा दिला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

बॉयलर तसा अगदीच माणसावर अवलंबून नव्हता. आत एक फ्लोट होता. पाणी उतरलं की तो खाली यायचा आणि पंप आपोआप सुरू व्हायचा. पाणी फारच उतरलं तर भोंगा वाजायचा. पण तो फ्लोट अडकायला लागला. पाणी पुरेसं असताना भोंगा बोंबलायचा, दिवसातून सहा-सहा वेळा. बायका दचकून चादरी टाकायच्या. शेवटी इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने भोंग्याची वायर काढून ठेवली. पंपही हाताने चालवायचा ठरला. "भाग मागवलाय. आला की लावू," एवढं बोलून तो गेला.

पंप होता पलीकडच्या हॉलमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी, म्हणजे लेकीच्या कोपराशी. मग बापलेकीने ठरवलं: त्याने पाइपवर लोखंडी पाना एकदा ठोकला की तिने पंपाचं बटण दाबायचं, दोनदा ठोकला की बंद करायचं. पाइप भिंतीतूनच जात होता, ठोका बरोबर पलीकडे उमटायचा. चार दिवस हे असं चाललं होतं. म्हणजे फ्लोट गेला, भोंगा गेला, आणि राखणीला राहिले ते चार नट.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं तोवर झाली होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी नवा चष्मा आला.

सकाळी तो चहा घेत होता. लेक डबे भरत होती. पाटी ओट्याशेजारी चार्जिंगला लावलेली. तिने ती उचलली आणि उघडून बघितली.

"बाबा, आता नवे डोळे आलेत ना? मग ही काय बालवाडीची अक्षरं! थांबा, माणसांसारखी करून देते."

तिने पडद्यावर दोन-चार वेळा बोट टेकवलं आणि पाटी त्याच्यापुढे धरली. पान भरून ओळी. बारीक, काळ्या, एकाखाली एक. त्याने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. एकही अक्षर फाटलं नाही, एकाचीही कड विरली नाही. तीन वर्षांनी त्याला असं अख्खं पान एकदम दिसत होतं. त्याला आनंद झाला, चांगलाच झाला, डोळे भरून आले तर चष्मा काढून पुसावा लागला.

"बरं वाटलं?" लेकीने विचारलं.

"तुझ्या आईला दाखवायला हवं होतं," तो म्हणाला.

त्या घडीला त्या घरात नटांचा विचार कुणीही केला नाही. का करावा? पाटी तीच, गोष्ट तीच, नट तेच. बदललं होतं ते फक्त अक्षर, आणि तेही प्रेमाने.

त्या दिवशी कामावर नेहमीपेक्षा जास्त धावपळ होती, तेलाचा टँकर आला होता. बॉयलर तापवणं, वाफ सोडणं, तेलाची टाकी बघणं, यात पावणेदहा वाजले. पावणेदहाला त्याने काच बघितली. पाणी निम्म्याच्या खाली होतं. त्याने पाइपवर एक ठोका दिला. पलीकडे पंप घुरघुरला, काचेत पाणी चढलं. दोन ठोके. पंप थांबला. त्याने लॉगबुकात लिहिलं, चारही नट डावीकडे मांडले, खुर्ची ओढली आणि पाटी उघडली.

गोष्ट बर्फात अडकलेल्या माणसांची होती. त्यांचं जहाज गोठलं होतं, सरपण संपत आलं होतं, आणि कोण आधी जाणार याचा अंदाज ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून घेत होते. बॉयलरच्या उबेत बसून असली गोष्ट वाचण्याची मजा काही औरच. त्यात नवे डोळे. अडखळणं नाही, ओळ चुकणं नाही. तो गोष्टीत शिरला तो शिरलाच.

काचेतलं पाणी एक बोट उतरलं.

दहा पानं झाली. त्याचा हात आपसूक पुढे गेला आणि एक नट उजवीकडे सरकला. नजर पानावरून हलली नाही. हाताला ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. बर्फातली माणसं आता जहाजाच्या फळ्या जाळत होती. पलीकडे नऊ रोलर फिरत होते, वाफ ओढत होते. पाणी आणखी दोन बोटं उतरलं. मग आणखी एक. मग काचेच्या खालच्या कडेशी आलं, तिथे जरा वेळ थरथरलं आणि दिसेनासं झालं. त्याच सुमाराला दुसरा नट उजवीकडे गेला.

दार ढकलून चहावाल्या मावशी आत आल्या. त्या रोज अकराला यायच्या.

"आज लवकर, मावशी?" त्याने पानावरून मान वर न करता विचारलं.

"लवकर कुठली? अकरा वाजून गेले. उशीर झाला म्हणून तुम्ही ओरडणार, असं म्हणत पळत आले."

कप टेबलावर टेकला. मावशी गेल्या. तो वाक्याच्या शेवटापर्यंत आला आणि मग त्याची नजर त्या कपाकडे गेली, कपावरून नटांकडे. दोन नट डावीकडे, दोन उजवीकडे. दोन नट म्हणजे पाव तास. पावणेदहा आणि पाव तास, दहा. मावशी म्हणतात, अकरा वाजून गेले.

त्याने पाटीकडे बघितलं. मुंग्यांच्या रांगेसारख्या ओळी, वरपासून खालपर्यंत गच्च. त्याला एका क्षणात सगळं कळलं. तो खुर्चीवरून उठला.

काच स्वच्छ होती. आता बॉयलरच्या काचेची एक खोड आहे. पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच, दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. रेष कुठेच नसते. नवखा माणूस म्हणाला असता, वा, पाणी काठोकाठ. त्याने काचेखालची तोटी उघडली. थेंब आला नाही. नुसती कोरडी वाफ फुसफुसली.

उस्तादाचं दुसरं वाक्य होतं, तेही पहिल्याच दिवसाचं. पाणी संपलेल्या तापल्या बॉयलरला पाणी दाखवायचं नाही. घरी लाल झालेल्या तव्यावर पाणी टाकलं तर नुसतं चुर्र होतं. इथे त्या चुर्रसरशी भिंत जाते. तेव्हा आग बंद करायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही, आणि लांब जायचं.

त्याने बर्नर बंद केला. एकतीस वर्षांत दिवसाउजेडी त्या खोलीत इतकी शांतता त्याने ऐकली नव्हती. आतून लोखंड ताणल्याचा आवाज येत होता, टक, मग थांबून पुन्हा टक.

आणि त्या शांततेत त्याला लेक आठवली. हॉलमध्ये घड्याळ आहे. सव्वा तास झाला, बाबांचा ठोका नाही. मशीनच्या आवाजात आपल्याला ऐकू आला नसेल, असंच तिला वाटणार. चुणचुणीत पोर. ती वाट बघत बसणार नाही.

त्याचा हात पान्याकडे गेला आणि तिथेच थांबला. एक ठोका म्हणजे पंप चालू. दोन म्हणजे बंद, पण दुसऱ्याच्या आधी पहिला येतोच. ठोकायचंच नाही. तो धावला. दार, अंधारा बोळ, बोळाच्या टोकाला हॉलचं झुलतं दार. आत वाफ, गरगर आणि पांढऱ्या चादरी. त्याने हाक मारली, पण ती मशीनच्या आवाजात कुठल्या कुठे गेली. लेक रोलरवर नव्हती. टाकीशेजारी उभी होती आणि तिचा हात पंपाच्या बटणावर होता.

तिने त्याला येताना बघितलं आणि ती हसली.

"कळलं मला, बाबा. दाबतेच आहे."

त्याने तिचा हात मनगटाला धरून असा हिसडला की ती चादरींच्या ढिगावर जाऊन पडली. जन्मात त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. बायका बघतच राहिल्या. "बाहेर! सगळ्या बाहेर!" तो ओरडला. त्याचा आवाज ऐकून कुणी का म्हणून विचारलं नाही.

तास-दीड तास सगळे आवाराच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला पाठ लावून उभे होते. बॉयलर हळूहळू निवला. काहीही फुटलं नाही. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं एक म्हणाली आणि मग सगळ्याच म्हणाल्या. आलेला काळ परत गेला, याची खात्री त्याला वाटत नव्हती.

लेक त्याच्याशेजारी उभी होती. दुसऱ्या हाताने तिने ते मनगट धरून ठेवलं होतं.

"बाबा, मी दाबलं असतं तर?"

"काही नाही. नळ्या खराब झाल्या असत्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बॉयलरवाल्याची लेक ती. तिला माहीत होतं.

दुपारी तपासणी अधिकारी आले. आतल्या नळ्या वाकल्या होत्या. त्यांनी लॉगबुक बघितलं: पावणेदहा, आणि त्यापुढे कोरं. साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "सव्वा तास काच बघितली नाही. काय करत होतात?"

सुपरवायझर, नऊ बायका, मावशी, सगळे तिथेच होते. खरं उत्तर चार वाक्यांचं होतं. साहेब, मी पानं मोजून वेळ ठरवतो. पान केवढं, हे अक्षरावर आहे. आज सकाळी अक्षर बारीक झालं. माझी चाळीस पानं मात्र तीच राहिली. ते कुणी केलं, हे पाचवं वाक्य त्याने सांगितलं नसतं तरी एका जणीला ते ऐकू आलंच असतं. त्याने तिच्याकडे बघितलं. मनगट अजून तिच्या मुठीत होतं. ही पोर उद्यापासून रोज सकाळी डबा भरताना ते आठवणार, तो विचार करत होता. मरेपर्यंत आठवणार.

"डोळा लागला, साहेब," तो म्हणाला.

कुणीतरी श्वास आत ओढला. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. त्याचं सर्टिफिकेट गेलं, नोकरीही गेली, निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती ती घरात बसून काढायची झाली. त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. पण गेटमधून बाहेर पडताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शेवटी जागल्याही झोपलाच." ते वाक्य तो घरापर्यंत घेऊन आला आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

पाटी त्याने कपाटात ठेवली. लेकीने दोनदा विचारलं, वाचत का नाही. डोळे थकतात, असं तो म्हणाला.

महिनाभर लाँड्रीचं काम बंद राहिलं. नळ्या बदलल्या, फ्लोट नवा बसवला, नवा बॉयलरवाला आला. लेक पुन्हा कामावर जायला लागली. ती परत येईपर्यंत तो खिडकीशी बसायचा. तिथून घरांच्या गच्च्यांपलीकडे लाँड्रीचं धुरांडं दिसायचं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. लेक निघायच्या घाईत होती, पिशवीत डबा कोंबत होती. बोलता बोलता म्हणाली,

"तो नवीन बॉयलरवाला ना, बाबा, भला माणूस आहे पण फार पेंगतो. काल खुर्चीतच मान पडली होती त्याची. मी तर घाबरलेच. म्हटलं, पुन्हा तेच व्हायचं."

"नवा फ्लोट आहे ना आता? भोंगा आहे."

"कसला! तोही अडकतो. परवापासून भोंगा काढून ठेवलाय, दुसरा भाग मागवलाय म्हणे. पंप परत माझ्याकडेच, एक ठोका, दोन ठोके." ती चप्पल घालायला वाकली. "म्हणून मग मी त्याला तुमची युक्ती सांगितली."

त्याने खिडकीकडून मान वळवली.

"त्याच्याकडे जुना टॅब होता. त्याच्यावर लायब्ररीचं अ‍ॅप घालून दिलं, ती बर्फातली गोष्ट काढून दिली. चाळीस पानं, चार नट. तुमचे नट अजून टेबलावर तसेच होते, तेच दिले. आजपासून सुरू करणार आहे." ती वर बघून हसली. "म्हटलं, एक दिवस डोळा लागला म्हणून काय झालं? तीस वर्षं तर त्या युक्तीनेच आम्हाला सांभाळलं."

"अक्षर केवढं ठेवलं?"

"आं?"

"अक्षर. त्याच्या टॅबवर. केवढं?"

"साधंच. बारीक. त्याची नजर चांगली आहे." मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं, बाबा?"

ज्या खोट्याने तिला सांभाळायचं म्हणून त्याने आपलं नाव धुळीला मिळवलं होतं, तेच खोटं तिने हौसेने उचलून भिंतीपलीकडे नेऊन ठेवलं होतं.

"मला त्या दिवशी झोप लागली नव्हती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्याने कपाट उघडलं, पाटी काढली आणि तिच्या हातात दिली. ती उघडली तीच त्या दिवशीच्या पानावर. गच्च, बारीक ओळी, तिनेच करून दिलेल्या. ती बघत राहिली. ती हुशार होती, तिला चार वाक्यं लागली नाहीत. तिच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं त्याने बघितलं. हेच बघायला लागू नये म्हणून त्याने इतकं केलं होतं.

"मी," ती म्हणाली. "मीच केलं होतं..."

"ते संध्याकाळी. रड, मला शिव्या दे, काय हवं ते संध्याकाळी कर. आधी त्याला थांबव."

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, लॉकरच्या पत्र्याआड. ऑफिसातला फोन उचलायला सुपरवायझर नऊनंतर यायचा. तिने पिशवी तिथेच टाकली आणि एका चपलेचा बंद न लावताच ती जिना उतरली. रस्त्यावर ती पळताना त्याला दिसली, कोपऱ्यापर्यंत. मग दिसेनाशी झाली. आपण तिला नक्की कुठे धाडलं, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

घरापासून लाँड्री पळत गेलं तर दहा मिनिटांवर. पहिल्या पाळीच्या पाच बायका आठलाच रोलरवर उभ्या राहतात, आणि ती पोचेपर्यंत पंपाचं बटण त्यांच्यातलीच कुणीतरी दाबते. त्याने घड्याळात बघितलं. आठ छप्पन. बॉयलर साडेसातला पेटतो, पुस्तक हातात घेईपर्यंत पावणेआठ. एक तास अकरा मिनिटं. दोन नट उजवीकडे गेले असतील.

तो खिडकीशी उभा राहिला. धुरांड्यातून धूर सरळ वर चालला होता.